नैरोबी ते केपटाऊन: दिवस दुपारी चारला संपवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगते. सांगलीचं जोडपं, वय 41 आणि 38. नोकरीतून 70 दिवसांची रजा मिळाली आहे आणि नैरोबीहून केपटाऊनला विमान न घेता जायचंय. केनिया, टांझानिया, मलावी, झांबिया इथवर बस, आणि पुढे झिम्बाब्वे, बोट्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका भाड्याच्या गाडीने, तंबूत राहून. नवरा शाकाहारी. त्यांनी एक्सेलमध्ये 70 ओळींचा तक्ता केलाय आणि त्यातल्या 63 ओळींत कुठे तरी पोचायचं आहे किंवा काही तरी बघायचं आहे. बाईंचं म्हणणं असं, की सिंह, चोर आणि मलेरिया यांवर सगळे बोलतात, पण रोजचा दिवस कसा जातो हे कुणीच सांगत नाही. रोज उठून गाशा गुंडाळणं झेपेल का? कुकर न्यावा का? आणि शेवटी, कंसात, "आमची भांडणं तर होणार नाहीत ना?"

तो कंसातला प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. या प्रवासातून अर्ध्यावर परतलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातलं एकही सिंहामुळे परतलं नाही.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे 11 वर्षं टांझानियात दार-एस-सलामला होते. हा रस्ता पाच वेळा केलाय. एकदा परदेशी मंडळींच्या ट्रकमध्ये पाहुणी म्हणून, एकदा नवऱ्याबरोबर बसने आणि रेल्वेने, आणि तीनदा आठ-दहा मराठी माणसांचा गट घेऊन. तेव्हा मी सांगते ते या पाच खेपांवरून. चाळिशीतल्या दोघांना ते जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच बोलून टाकते. पहिली, महिना. पूर्व आफ्रिकेत मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा नोव्हेंबर-डिसेंबरात. खाली मलावी-झांबियापासून नोव्हेंबर ते मार्च. म्हणून बहुतेक जण जून ते ऑक्टोबर धरतात. तेव्हा रस्ते कोरडे, डास कमी आणि पाण्यावर येणारी जनावरं जास्त. पण जून-जुलै हा तिथला हिवाळा आहे. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून आलेले माझ्या पहिल्या गटातले दोघे जण टांझानियातल्या गोरोंगोरो विवराच्या काठावर, सुमारे 2,300 मीटर उंचीवर, अंगात असतील नसतील तेवढे पाचही शर्ट घालून झोपले होते. दुसरी गोष्ट, वाहन. ट्रकच्या टूरमध्ये वीसेक अनोळखी माणसं असतात, स्वयंपाकाच्या पाळ्या असतात, आणि भांडी तीन टबांत धुऊन, फडक्याने न पुसता, हवेत हलवून वाळवायची असतात. पन्नाशीचा बँक मॅनेजर दोन्ही हातांत ताटल्या धरून पंख फडफडवतोय हे दृश्य मी डोळ्यांनी बघितलंय. तिथे निर्णय दुसरा घेतो, त्यामुळे नवरा-बायकोची भांडणं कमी होतात हे खरं. पण तिथे थांबावंसं वाटलं तरी थांबता येत नाही. तुम्ही आपलं आपण जायचं ठरवलंय, चांगलं आहे. मात्र मग प्रत्येक निर्णय तुमचाच, आणि दुपारी दोन वाजता, उन्हात, उपाशीपोटी निर्णय घेणं हीच या प्रवासातली खरी अवघड गोष्ट आहे.

आता दिवस कसा जातो ते सांगते. टांझानियातला एक बसचा दिवस घ्या, दार (म्हणजे दार-एस-सलाम) ते म्बेया. आठशेच्या वर किलोमीटर, बारा-चौदा तास. लांबच्या बसगाड्या पहाटे सुटतात. इथे पहिला खड्डा घड्याळाचा आहे. स्वाहिली माणूस तास सूर्योदयापासून मोजतो, आपल्याकडे पूर्वी घटका मोजत तसे. सकाळचे सात म्हणजे त्याचा एक वाजला. आम्ही दोघं नवे असताना तिकिटावर बाराची वेळ वाचून ऐटीत साडेअकराला स्टँडवर गेलो. बस सकाळी सहालाच गेलेली. 'साआ कुमी ना म्बिली असुबुही', म्हणजे सकाळचे बारा, म्हणजे आपले सहा. तिकीट घेताना घड्याळाच्या काट्यावर बोट ठेवून विचारा. लाज बाळगू नका.

सहा ते नऊ हा दिवसाचा राजा. गार हवा, बसमध्ये सगळे गप्प, बाहेर लाल माती, आणि गणवेशातली पोरं मैलोन् मैल शाळेला चालत निघालेली. स्टँडवर चहा आणि मांदाझी मिळते, म्हणजे आपल्या बालुशाहीच्या पिठाला पाकाचा विसर पडलाय असा तळलेला गोळा. त्या तीन तासांत माणूस सगळ्या जगावर खूश असतो. एक्सेलचे तक्ते याच वेळेतल्या मूडमध्ये केलेले असतात, हा माझा पक्का संशय आहे.

साडेदहा-अकरानंतर रंग पालटतो. प्रत्येक गावात वेगमर्यादा पन्नासवर येते आणि गाव संपेपर्यंत गतिरोधक. झाडाआडून पांढऱ्या गणवेशातला पोलीस वेग मोजायचं यंत्र रोखून उभा. मग कंडक्टर ओरडतो, "कुचिंबा दावा!" शब्दश: अर्थ 'औषध खणायला'. दावा म्हणजे औषध, आपली दवाच. प्रत्यक्षात अर्थ असा की बस माळावर थांबली आहे, पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, पाच मिनिटं. बाई, तुम्हाला सांगते, पहिल्या दिवशी मी उतरलेच नाही आणि पुढचे चार तास कुठलाही निसर्ग मला दिसला नाही. दुसऱ्या खेपेला शेजारच्या बाईने आपली कांगा, म्हणजे अंगाला गुंडाळायचं छापील कापड, सोडून माझ्याभोवती आडोसा धरला, आणि मग मी तिच्याभोवती धरला. बाजारातून पहिल्याच दिवशी दोन कांगा घ्या. पडदा, टॉवेल, उशी, चादर, सगळं होतं, शिवाय त्यावर एखादी म्हण छापलेली असते.

दोन ते चार हा दिवसाचा तळ. पाठ आखडते, पाणी कोमट, बसमधलं तेच गाणं तिसऱ्यांदा. चार ते सहा या वेळात मुक्काम हाताशी नसेल तर भांडण ठरलेलं. आमचं सगळ्यात मोठं भांडण टुंडुमाला झालं, टांझानिया-झांबियाच्या हद्दीवर. त्या खेपेला मलावी वगळलं होतं. तांबं घेऊन दारच्या बंदराकडे निघालेल्या ट्रकांची रांग इतकी लांब, की तिचं शेपूट गावाबाहेर. आम्ही तीनला पोचलो. झांबियाचं घड्याळ एक तास मागे, त्यामुळे पलीकडे दोनच वाजलेले. नवरा म्हणाला, "बघ, तास वाचला, रात्रीच्या बसने पुढे जाऊ." मी म्हटलं, राहू. सकाळी अकरानंतर दोघांच्याही पोटात काही नव्हतं. त्या वादावादीत त्याने एका पोराकडून पैसे बदलून घेतले. गठ्ठ्याच्या वर-खाली मोठ्या नोटा, मधे किरकोळ. नुकसान फार नव्हतं, पण मी त्याच्या माहेर-सासरचा उद्धार केला, रस्त्यात, मराठीत, झांबियाच्या पोलिसासमोर. एक चहावाली बाई हे बघत होती. तिने बाक पुढे सरकवला आणि म्हणाली, "पोले ना सफारी."

'पोले' हा शब्द तुम्हाला दिवसातून दहादा ऐकू येईल. ठेच लागली, पंक्चर झालं, दमलात, नुसते लांबून आलात, तरी 'पोले'. त्यात माफी नाही आणि कीवही नाही. 'झालं ते दिसतंय हो मला' एवढंच. 'पोले ना सफारी' म्हणजे तुमच्या प्रवासाबद्दल पोले. प्रवास म्हटला की दगदग आलीच हे तिथे गृहीत आहे, आणि घरी आलेल्या पाहुण्याला पहिलं तेच म्हणतात. त्या बाकावर दोन कप चहा आणि चपाती खाल्ल्यावर वाद मिटला. आम्ही कुणीच आपला मुद्दा सोडला नव्हता, फक्त पोटात काही तरी गेलं होतं. त्या दिवसापासून घरात नियम आहे: आधी जेवू, मग भांडू. पुण्यातही पाळतो.

हेच गटातही पाहिलं. कुणी म्हणालं, "मला घरी जायचंय," तर मी आधी तीन गोष्टी विचारते. शेवटचं कधी खाल्लं, काल किती झोप झाली, पोट साफ आहे का. दहातल्या आठ वेळा उत्तर तिथेच सापडतं. उरलेल्या दोन वेळा खरंच घरची आठवण असते, तिला इलाज नाही. त्या माणसाला काम द्यायचं, कांदा चिरायला बसवायचं.

म्हणून माझा एकमेव हट्ट म्हणजे शीर्षकातला. मुक्कामावर दुपारी चारला पोचा. चारला पोचायचं तर किती किलोमीटर जमतील ते उलट मोजा, आणि नवऱ्याच्या तक्त्यातले आकडे त्याप्रमाणे कापा. दार-म्बेयासारखा टप्पा यात बसत नाही. तो मधे इरिंगाला तोडा. मुक्काम झकास आहे आणि वाटेत बाओबाब झाडांचं खोरं दिवसाउजेडी बघायला मिळतं. चारच्या हट्टाला दुसरंही कारण आहे. टांझानियातून मलावी किंवा झांबियात शिरलात की घड्याळ तासभर मागे जातं, आणि जूनमध्ये मलावीत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात रस्त्यावर राहू नका, गाडी स्वतःची असो की भाड्याची. दिवे नसलेले ट्रक, सायकलवर कोळशाची पोती लादून निघालेली माणसं, गुरं. वाटेत रस्त्यावर हिरव्या फांद्या तोडून ओळीने टाकलेल्या दिसल्या, तर समजायचं पुढे ट्रक बंद पडलाय. ती तिथली धोक्याची पाटी. दिवसा ती दिसते. रात्री दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि चारला पोचून करायचं काय? तंबू उजेडात लावा, कपडे धुवा, चहा. मग एक तास दोघांनी एकमेकांपासून लांब जा. तुम्ही तळ्याकडे, ते गाडीकडे. सत्तर दिवस चोवीस तास एकत्र राहायची सवय आपल्या कुठल्याच संसारात नसते. दिवसभर ऑफिस असतं म्हणून निभतं. माझ्या गटातल्या एका काकूंनी परतल्यावर सांगितलं, की त्या तासात त्या नुसत्या नखांना नेलपेंट लावत बसायच्या, आणि तेवढ्यावर पुढचे तेवीस तास निघायचे.

एक्सेलच्या रिकाम्या ओळी वाढवा. मी दर पाचवा दिवस मोकळा ठेवते. मोकळा म्हणजे जवळचा धबधबा बघू असाही नाही. सदरा शिवायचा, दाढी करायची, दुपारी झोपायचं. बहुतेकांना तिसऱ्या आठवड्यात एक मरगळ येते. नवेपणा ओसरलेला, शेवट अजून दूर. हत्ती दिसला तरी माणूस खिडकीतून मान वळवत नाही. या मरगळीला मी आधीच जागा ठरवून ठेवते, मलावीचं तळं, न्खाटा बे, सलग चार रात्री. लाकडी खोली, समोर पाणी, रात्री मासेमारीच्या होड्यांचे दिवे, क्षितिजावर गाव वसल्यासारखे. एक मात्र सांगते. त्या तळ्यात शिस्टोसोमियासिसचा परजीवी आहे, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमार्फत पसरणारा, कातडीतून शिरणारा. लव्हाळे असलेल्या काठाला उतरू नका. पोहलात तर परतल्यावर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तपासणी आणि औषध दोन्ही आहे, फक्त आठवण लागते. पुढची मोकळी ठिकाणं झांबियातलं लिव्हिंगस्टन आणि नामिबियातलं स्वाकोपमुंड. स्वाकोपमुंडला वाळवंटातून उतरून समुद्रावर येता आणि थंड प्रवाहामुळे धुकं असतं, स्वेटर घालून बेकरीत बसावं लागतं. कुणी म्हणतं दोन दिवस वाया गेले. मला तिथले दोन दिवस या प्रवासात सगळ्यात जास्त आठवतात.

इथवरचं एका दमात: चारला मुक्काम, आधी जेवण मग भांडण, रोज तासभर वेगळं, पाचवा दिवस रिकामा. बाकी सगळं तपशील आहे.

चढाबद्दलही, म्हणजे आनंदाच्या क्षणांबद्दलही, लिहायला हवं, नाही तर तुम्ही तिकीट रद्द कराल. चढ आपण ठरवलेल्या जागी येत नाहीत, एवढं नक्की. गोरोंगोरोला माणशी भरपूर डॉलर मोजून खाली उतरलो तर अकरापर्यंत धुक्याशिवाय काही दिसलं नाही. गटाचे चेहरे पडलेले. आणि संध्याकाळी सिंबा कॅम्पवर आम्ही वरणाला फोडणी देत असताना एक हत्ती सावकाश चालत आला, पाण्याच्या टाकीत सोंड घातली आणि दहा मिनिटं पाणी प्यायला. स्टोव्हपासून पंधरा पावलं. कुणाच्या तोंडून शब्द नाही, फोडणी करपली. तसंच दार-म्बेया रस्ता पन्नासेक किलोमीटर मिकुमी अभयारण्यातून जातो. साध्या बसच्या तिकिटात जिराफ, झेब्रे, कधी हत्ती. शेजारची बाई डोकं टेकून झोपलेली, कारण तिच्यासाठी ते आपल्या खंडाळ्याच्या घाटासारखं.

बसमध्ये एक खेळ सांगते, माझ्या गटांचा लाडका. शेजाऱ्याबरोबर सारखे शब्द शोधायचे. चाई, चपाती, काचुंबारी, पेसा हे सोपे. मग दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, बिमा म्हणजे विमा, एंबे म्हणजे आंबा. आणि टांझानियात लाखाला लाकीच म्हणतात. शिलिंगचे हिशेब आपल्या माणसाला पटकन जमतात ते यामुळे. तुम्हाला तिथे 'म्हिंदी' म्हणतील, म्हणजे भारतीय. कणसाला 'मुहिंदी' म्हणतात. या दोन शब्दांवर बसमधली पोरं हसणार, तुम्हीही हसा. काही वेळा त्या हाकेमागे दुकानदारांबद्दलची जुनी अढी असते, तीही ओळखता येईल. दर वेळी मनाला लावून घेऊ नका.

नामिबिया वेगळा, तिथले त्रासही वेगळे. माणसं कमी, रस्ते रिकामे, बऱ्याच ठिकाणी डांबर नाही. खडीचा रस्ता पत्र्याच्या छपरासारखा लाटालाटांचा होतो आणि गाडीतला प्रत्येक स्क्रू बोलायला लागतो. टायरमधली हवा थोडी कमी करा, ऐंशीच्या वर जाऊ नका, वळणावर तर साठ. भाड्याची गाडी घेताना दोन स्टेपन्या मागा, आणि जॅक, पाना आहे का ते ताब्यात घेण्यापूर्वी स्वतः फिरवून बघा. नकाशात गाव दिसतं ते गाव नसतं, एक पेट्रोलपंप असतो. आमचं पंक्चर सॉलिटेअरच्या अलीकडे झालं. जॅक खडीत रुतायला लागला, गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली. शेवटी एका काकांनी पेटीतून पोळपाट काढला, जॅकखाली ठेवला आणि चाक निघालं. पोळपाटाला आरपार चीर गेली. पुढचे अठरा दिवस पोळ्यांवर ती रेघ उमटत होती.

बोट्स्वाना आणि नामिबियात गुरांच्या रोगासाठी तारेची कुंपणं आहेत. फाटकावर गाडी औषधाच्या पाण्यातून न्यायची, बूट ओल्या गोणपाटावर पुसायचे, आणि कच्चं मांस, काही वेळा दूधदुभतंही काढून घेतात. यजमान शाकाहारी आहेत म्हणजे तुमचं नुकसान कमी. मसाल्यांना मला कधी अडवलं नाही. उलट वैताग कशाचा, तर पिशव्यांचा. केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि आपलं सामान म्हणजे पिशवीत पिशवी. चिवडा, लाडू, चटण्या डब्यांत किंवा कापडी पिशव्यांत भरा.

जेवणाचं म्हणाल तर टांझानियापर्यंत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. वाली-माहारागे, म्हणजे भात आणि राजम्यासारखं कडधान्य, कुठेही मिळतं. बरोबर म्चिचा, तो आपला माठच. खाली मलावीत न्सिमा आणि पालेभाजी, मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा. नाव बदलत जातं, केनियात उगाली, झिम्बाब्वेत साड्झा, पदार्थ जवळपास तोच. भाजीत मटणाचा रस्सा नाही ना, हे विचारून घ्या. बोट्स्वानापासून खाली मात्र हॉटेलात शाकाहारी म्हणजे बटाट्याच्या फोडी. तिथे स्वतः शिजवायचं. तर हो, कुकर न्या. तीन लिटरचा, जास्तीची रबर रिंग आणि शिट्टी घेऊन. पहिले पाच आठवडे तो ओझं वाटेल. अर्धं ओझं हलकं करायचं असेल तर त्याच्या आत मसाल्याचे डबे भरा.

तब्येतीवर दोनच वाक्यं, बाकी डॉक्टर सांगतील. मलेरिया प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्याआधी विचारा, आणि तिथे किंवा परतल्यावरही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा, 'उद्या बघू' नको. पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रावर, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, आणि तो पिवळा दाखला पासपोर्टला चिकटल्यासारखा ठेवा. तो नसेल तर भारतात परत येतानाही अडवून ठेवू शकतात. झांबियाच्या लुआंग्वा खोऱ्यात चावणाऱ्या त्सेत्से माश्या आहेत. त्यांना गडद निळा आणि काळा रंग आवडतो, त्यांचे सापळेसुद्धा त्याच रंगाच्या कापडाचे असतात. जीन्स घरी राहू द्या. व्हिसाचे नियम वर्षाला बदलतात, त्यामुळे माझं जुनं ज्ञान तुमच्या उपयोगाचं नाही. दूतावासांची स्वतःची पानं बघा. तसंच सीमांचं. झांबिया-बोट्स्वानाच्या हद्दीवर कझुंगुलाला झांबेझी नदी ओलांडायला पूर्वी तराफ्याच्या रांगेत आमचा अर्धा दिवस गेला होता. 2021 ला पूल झाला, आता तो त्रासही नाही आणि तराफ्यावरच्या गप्पाही नाहीत.

रेल्वेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण तुमच्या तक्त्यात ती नाही. दारहून झांबियातल्या न्यू कपिरी म्पोशीपर्यंत 1,860 किलोमीटरची ताझारा लाइन आहे, सत्तरच्या दशकात चीनच्या मदतीने बांधलेली. तुम्ही जाल तेव्हा गाडी चालू असेल तर निदान म्बेयापर्यंत घ्या. फक्त तिच्यापुढच्या दोन दिवसांत कुठलंही बुकिंग ठेवू नका. आमची गाडी एका स्टेशनात सात तास उभी होती. कुणी कारण विचारलं नाही, लोकांनी रुळाच्या कडेला शेगड्या पेटवल्या आणि मका भाजायला घेतला. नवऱ्याने तेव्हा हिशेबाची वही बॅगेत टाकली, ती केपटाऊनलाच बाहेर काढली.

राहिला सासूबाईंचा मुद्दा, रोज फोन कराल असं त्यांना कबूल केलंय म्हणता. ते आजच मागे घ्या. सेरेंगेटीत, लुआंग्वात, नामिबियाच्या आतल्या भागात दोन-तीन दिवस नेटवर्क नसणं नेहमीचं आहे. माझ्या दुसऱ्या गटातल्या एका आजोबांनी मुलाला रोज रात्री आठचा शब्द दिला होता. लुआंग्वात दोन रात्री चुकल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पचा व्यवस्थापक तंबूशी आला आणि म्हणाला, ठाण्याहून एक माणूस आमच्या खोऱ्यातल्या सगळ्या कॅम्पना फोन करतोय, त्याचे वडील तुमच्याकडे आहेत का? आजोबा तेव्हा नदीकाठी खुर्ची टाकून पाणघोडे मोजत होते. छत्तीस झाले होते, आणि मधेच उठवलं म्हणून चिडले.